गाभ्याच्या दोन तुळया

नेरूळ
रविवार, ५ एप्रिल

प्रिय अभय,

सप्रेम जयभीम.

दीड वर्ष गप्प राहिले, त्याबद्दल आधी माफ कर. मधल्या काळात लिहायला बसलेच नाही असं नाही. पण दरवेळी 'कसा आहेस' याच्यापुढे पेन सरकेना, आणि तेवढंच लिहून पाठवणं मला खोटं वाटलं. नेरूळहून पावण्याला यायला रिक्षाने अर्धा तास लागतो, म्हणजे हे कारण फारसं खरं नाही हेही मला कळतं. माझा फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी दुसऱ्या वाक्याला आपल्या दोघांचे आवाज चढतात. म्हणून कागद. मैत्री तिच्या दप्तरातून आणून देईल. तुझ्या मुलीला मध्ये ओढते आहे याचं वाईट वाटतं, पण तुझ्या घरात माझ्याशी बोलणारी सध्या ती एकटीच आहे.

मुद्द्यावर येते. शुक्रवारी मैत्रीने मला विहारात नेलं. "आत्या, पप्पांनी अभ्यासिकेचा माळा बांधलाय, बघ तरी," म्हणाली. तू पावण्याच्या गाळ्यावर पेट्या फोडत असशील अशीच वेळ आम्ही निवडली होती.

माळा सुंदर झाला आहे. पुढचं बोलणं गोड लागावं म्हणून हे लिहीत नाही. विहाराच्या हॉलची उंची इतकी वर्षं वाया जात होती, तिथे मुलांना अभ्यासाला बसवता येईल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जिना चढताना एकही पायरी करकरली नाही. कठड्याच्या कडा तू घासून गोल केल्या आहेस, लहान मुलाचं डोकं आपटलं तरी लागणार नाही अशा. पाटी अजून लागलेली नव्हती, भिंतीला टेकवून ठेवली होती. 'स्मृतिशेष सिताराम गमरे अभ्यासिका'. आपल्या बापाचं, अण्णांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मी पहिल्यांदाच वाचलं.

मग मी खाली येऊन वर बघितलं.

पाच तुळया आहेत, पाचही पाईनच्या. मशिनच्या पेट्यांच्या तळाला जे जाड वासे येतात, ते तू वापरले आहेस. मधल्या दोन तुळयांची टोकं जिन्याच्या बाजूने उघडी आहेत. दोन्हींच्या बरोबर मधोमध भेंडाचा, म्हणजे खोडाच्या मऊ मध्याचा, ठिपका आहे आणि त्याभोवतीची वर्षावर्षाची कडी इतकी रुंद, की एका कड्यात माझी करंगळी मावेल. प्रत्येक कड्याच्या शेवटी जी गडद रेघ असते ती केसाएवढी बारीक. अभय, हे झाडाच्या लहानपणीचं लाकूड आहे. पाईन पहिली दहा-पंधरा वर्षं घाईने वाढतो. त्या घाईत बनलेलं लाकूड हलकं असतं, त्याला ताठपणा कमी असतो आणि वाळताना ते पिळतं. पुढे झाड सावकाश वाढायला लागतं, कडी बारीक होतात, गडद पट्टा जाड होतो. ते पक्कं लाकूड. लहानपण इथे संपलं अशी रेघ कुठे आखलेली नसते, पण तुझ्या या दोन तुळयांबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्या अख्ख्या लहानपणीच्याच आहेत.

आणि पुस्तकांची कपाटं नेमकी त्याच दोन तुळयांवर येणार आहेत, भोवती मुलं बसणार आहेत, असं मैत्री म्हणाली.

मागणी एकच आहे. मी नीट तपासेपर्यंत माळ्यावर वजन चढवू नकोस. विहाराच्या कमिटीत, म्हणजे कमळाकरकाकांना, मी काही बोललेले नाही. आधी तुला सांगते आहे.

मागच्या वेळी असं केलं नव्हतंस, हे तुझ्या मनात येईलच. अण्णा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी माईकवर उभी राहिले आणि सांगितलं, की ते पूर्वी दारू प्यायचे आणि मग त्यांनी ती सोडली. तुला आधी विचारलं नव्हतं. मंडपाच्या मागे तू म्हणालास, "खरं बोलायला वर्षाचे बाकीचे दिवस नव्हते का?" जे बोलले ते खरं होतं. एवढं म्हणून थांबते, नाहीतर पत्र भलतीकडे जाईल.

ताई


नेरूळ
गुरुवार, ९ एप्रिल

प्रिय अभय,

सप्रेम जयभीम.

मैत्रीने तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला, आवाजासकट. "तिला सांग, ती लाकूड भिंगातून बघते, मी हाताने बघतो. पंधरा वर्षं पेट्या फोडतोय. टेन्शन नको घेऊ म्हणावं." नंतर ती स्वतःहून म्हणाली, "पण आत्या, पप्पांनी पत्र फाडलं नाही. खिशात ठेवलं." हे तिने मला बरं वाटावं म्हणून रचलं की खरंच घडलं, मी विचारलं नाही.

काल रबाळ्याला लाकूड तपासायच्या लॅबमधून लवकर सुटले आणि परत विहारात गेले. तुझे भैरू मिस्त्री कठड्याला पॉलिश मारत होते. मी तुळयांकडे बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमी नका काळजी करू. निवडून माल घातलाय. अख्ख्या ढिगात गाभ्याचे असे दोनच नग होते. शेठ म्हनले, अण्णांचं नाव लागायचंय, हे मधीच घालायचे. कडेचं पांढरं लाकूड हितं नको."

"मग कडेचं कुठे वापरलंत?"

"ते काय, बाहेर. चपलांच्या मांडणीला."

मी बाहेर जाऊन मांडणी बघितली. तिच्या फळ्यांची कडी इतकी बारीक, की मोजताना डोळे दुखावेत. गडद पट्टे जाड आणि भरदार. अख्ख्या विहारातलं सगळ्यात पक्कं लाकूड चपलांखाली आहे. मला हसू आलं. मिस्त्रीही हसले, कशाला ते न कळताच.

घरी येताना हसू गेलं. पहिलं पत्र लिहिताना माझी समजूत अशी होती, की गाळ्यावर जे पडून होतं ते तू वापरलंस. तसं मी लिहिलं नव्हतं, पण मनात होतं, आणि लिहिलं नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही. खरं उलट निघालं. सगळ्यात चांगलं म्हणून तू ते वासे निवडलेस आणि सगळ्यात मानाच्या जागी घातलेस.

चूक कुठून आली तेही मला दिसतं. आपल्या लोकांना लाकूड म्हणजे साग. गावच्या घराची चौकट करताना आजोबा सुताराला बजावायचे, गाभ्याचंच पाहिजे, कडेचं पांढरं दोन पावसांत भुंगा खातो. सागाच्या बाबतीत ते बरोबर होतं. तीच शिकवण आपण पाईनला लावली. आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत, यातच गफलत होते. गाभा आणि पांढरं हे रंगावरून कळतं, लाकूड किडीला किती टिकेल याच्याशी त्याचा संबंध. लहानपणीचं की पक्कं हे रंगावरून अजिबात कळत नाही. ते कड्यांच्या रुंदीवरून, गडद पट्ट्यावरून, वजनावरून आणि शेवटी तंतूंच्या लांबीवरून कळतं. झाड किती वर्षांचं होतं यावरूनही कळत नाही. शंभर वर्षांच्या पाईनच्या पोटातही त्याची पहिली पंधरा वर्षं जशीच्या तशी असतात, बुंध्यापासून वरपर्यंत. आणि शेंडा तर सगळाच लहान. सागातही असं असतं, पण तिथे फरक एवढा जाणवत नाही म्हणून आपल्या सुतारांना त्यासाठी वेगळा शब्दच लागला नाही.

मैत्रीला सांगून त्या दोन तुळयांच्या कापलेल्या टोकांपैकी एक तुकडा मागवून घेतला आहे. तुझ्या गाळ्याच्या भंगारातून तिने तो उचलला, तिला रागवू नकोस.

एक प्रश्न मी स्वतःला विचारला. हा माळा दुसऱ्या कुणी बांधला असता, तर मी एवढी घाई केली असती का? उत्तर आलं की उलट, जास्त केली असती. सरळ काकांकडे जाऊन मोकळी झाले असते. तू बांधलास म्हणून पत्रं लिहीत बसले आहे. तेव्हा उशीर होतोय तो तुझ्यामुळे होतोय, आणि हे वाक्य तक्रारीसारखं वाटलं तरी तक्रार नाही.

ताई


नेरूळ
बुधवार, १५ एप्रिल

प्रिय अभय,

काल जयंतीला आपण दोन हातांवरून एकमेकांजवळून गेलो. तू मिरवणुकीच्या गाडीवरचा निळा पडदा बांधत होतास, तोंडात सुतळी होती. मी थांबले असते, पण सुतळी तोंडात असताना माणूस बोलू शकत नाही आणि ती सोडून बोलायला तू तयार होशील याची खात्री नव्हती.

पुढे कमळाकरकाका भेटले. पांढरा सदरा, छातीला बिल्ला, घशात आवाज उरलेला नाही. म्हणाले, "काय मॅडम, आमचा माळा बघितलास म्हणे. तू त्यातलीच. कसा झालाय, सांग बघू."

मी म्हणाले, "अभयचं काम आहे काका. त्यालाच विचारा."

"विचारलं. तो म्हणतो एक नंबर."

"मग झालं तर."

हे मी बोलले. लॅबमध्ये मी रोज अहवालांवर सही करते. एखाद्या कारखानदाराने कितीही गळ घातली तरी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. आणि काकांच्या समोर, सरळ प्रश्नाला, मी बाजूला सरकले. तुझ्यासाठी सरकले असं म्हणायला आवडेल. पण जयंतीच्या दिवशी, ढोल चालू असताना, परत तीच नको असलेली बाई व्हायची माझी तयारी नव्हती, हेही त्यात आहे. दोन्हींत काय जास्त होतं ते वेगळं काढता येत नाही.

आई मंडपात खुर्चीवर बसली होती. मला बघून तोंड फिरवलं नाही, एवढं तरी केलं.

"काय गो जागू, पत्रं पाठवतेस म्हणे."

"लाकडाबद्दल आहेत आई."

"लाकडाबद्दल." पदराने तोंड पुसलं. "तुझं खरं नेमकं मर्तिकाला नाहीतर उद्घाटनालाच कसं गो बाहेर येतं? मधल्या दिवसांत काय झोपतं?"

शेजारच्या दोघीजणी हसल्या. मीही हसले असते, वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर.

मी म्हटलं, "त्या माळ्याखाली पोरं असणार, वर पोरं असणार. मैत्री असणार."

आईने मान मिरवणुकीकडे वळवली. मग म्हणाली, "मग मला काय सांगतेस? त्याला सांग."

"तो बोलत नाही."

"बोलत नाही. ऐकतो तरी. बापासारखाच आहे, ऐकलेलं चार दिवस चघळतो आणि मग आपलंच होतं म्हणून सांगतो."

आता तुकड्याचं सांगते. तो पाण्यात पूर्ण भिजवला आणि त्यातून एक पातळ पट्टी उभी कापली, एक कड भेंडाला लागून, दुसरी कड त्यापासून लांब. मग भट्टीत सावकाश वाळवली. पक्कं लाकूड वाळताना रुंदीत आटतं, लांबीत जवळजवळ नाही. लहानपणीचं लांबीतही आटतं. ही पट्टी भेंडाच्या बाजूने आखडली आणि वाकली. टेबलावर आडवी ठेवली तर तिच्या पोटाखालून जाड पुठ्ठा सरकतो. त्याच तुकड्याचं वजन मापाच्या मानाने कमी भरलं. मायक्रोस्कोपखाली तंतू आखूड आहेत.

आता जे मला माहीत नाही तेही लिहिते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की मी घाबरवलं. तुळया मोडतील असं मी म्हणत नाही. भेंड बरोबर मधोमध आहे, त्यामुळे त्या पट्टीसारख्या एका बाजूला वाकणारही नाहीत, पिळतील. कदाचित वर्षानुवर्षं काही होणार नाही. पण वर पत्र्याचं छप्पर, मे महिन्याचा ताव, मग चार महिने दमट हवा. त्यात पुस्तकांनी भरलेली कपाटं त्यांच्यावर रात्रंदिवस उभी. कमी ताठ लाकूड अशा ओझ्याखाली हळूहळू खचत जातं, आणि एकदा भरलेलं कपाट परत खाली उतरवायचे कष्ट कुणी घेत नाही. फळ्यांचे सांधे उघडले तर तोवर वर मुलं बसलेलीच असणार.

कपाटं रविवारी, २६ तारखेला, वर चढणार आहेत असं काकांनी सांगितलं. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन. शुक्रवारी, २४ तारखेपर्यंत तू तुळयांचं काही केलं नाहीस तर मी काकांना सांगेन. ही धमकी वाटेल. मी ते वाक्य तीन प्रकारे लिहून बघितलं, तीनही प्रकारे धमकीच वाटलं. तरी न सांगता जाण्यापेक्षा तारीख सांगून जाणं मला बरं वाटतं.

ताई


रबाळे, लॅबमधून
मंगळवार, २१ एप्रिल

प्रिय अभय,

तू गेल्यावर अर्ध्या तासात हे लिहायला घेतलं आहे. समोरासमोर मला जे सुचत नाही ते कागदावर सुचतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये भेटीचं कारण म्हणून तू 'सॅम्पल' लिहिलंस. वॉचमनने मला फोन करून सांगितलं, "मॅडम, सॅम्पलवाले आलेत, पण हातात काय नाही."

तू आलास याचं मला काय वाटलं ते लिहीत नाही. पट्टी मी तुझ्या हातात दिली. तू ती डोळ्यासमोर धरलीस, बंदुकीच्या नळीतून बघावं तशी, आणि म्हणालास, "ह्या माहितीयत मला. पेट्यांतून निघतात अशा. उन्हात ठेवल्या की केळीसारख्या होतात. मी पालथ्या ठोकतो, खिळे जास्त मारतो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"वाकतात हे माहीत होतं. का वाकतात ते नव्हतं. माल खराब म्हणायचो." मग पट्टी उलटी करून, "जाडजूड वासापण तसाच वागेल हे नाही आलं डोक्यात. एवढा जाड आहे म्हटल्यावर."

मायक्रोस्कोपखाली बघून तू म्हणालास, "काय कळत नाय यातलं." मलाही पहिल्या वर्षी कळलं नव्हतं, पण हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मी म्हटलं, मध्ये एक खांब दे, ओझं वाटलं जाईल, पौर्णिमेपर्यंत होण्यासारखं आहे. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंस.

"खांब कुठे येईल माहितीय तुला? बुद्धमूर्तीच्या बरोबर समोर. वंदनेला बसलेला प्रत्येक माणूस विचारणार, हा कशाला. काय सांगू? बापाच्या नावाचा माळा उभा राहत नाय, म्हणून टेकू लावलाय?"

"मग तुळया बदल."

"पत्रिका वाटून झाल्यात, ताई."

दीड वर्षाने मला तू ताई म्हणालास, आणि ते नाही म्हणण्यासाठी.

जिन्यात, मी सोडायला आले तेव्हा, तू ते दुसरं बोललास. "तू अण्णांना पिताना बघितलंस. मी कधी बघितलं नाय. तू माईकवर बोललीस तेव्हा दोनशे लोकांना कळलं ना, त्यातला एक मी होतो."

मला हे माहीत नव्हतं. मी तुला शब्दाने सांगते, अभय, मला माहीत नव्हतं. तू जन्मलास तेव्हा मी आठ वर्षांची होते. अण्णांनी सोडली तेव्हा तू रांगत होतास. आईने किंवा चाळीतल्या कुणीतरी तुला कधीतरी सांगितलं असणार असं मी धरून चालले. आपल्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं असं आपण धरून चालतो. मी त्या दिवशी त्यांची बदनामी करायला उठले नव्हते. पगाराच्या दिवशी सगळी कंपनी ज्या गुत्त्यावर थांबायची त्याच्यासमोरून ते एकटे मान खाली घालून घरी यायला लागले, हे मला सांगायचं होतं. त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम मला तेच वाटतं. पण तुझ्यापर्यंत त्यातलं पहिलं अर्धंच पोचलं, आणि तेही मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर.

तू गेल्यापासून त्या तुकड्याकडे बघत बसले आहे. आत ही रुंद कडी, बाहेर जी कापून गेली ती बारीक कडी, झाड एकच. माझ्या वाट्याला आतले अण्णा आले आणि तुझ्या वाट्याला बाहेरचे, असं लिहावंसं वाटलं. लिहिलंही. पण ही तुलना मला फार सोयीची वाटते, आणि सोयीच्या गोष्टींचा मला संशय येतो. झाड काही ठरवत नाही, वय वाढलं की लाकूड आपोआप पक्कं होतं. अण्णांचं आपोआप झालं नाही. त्यांनी ते रोज संध्याकाळी केलं.

तुळया मात्र तुळयाच आहेत. शुक्रवार मी पुढे ढकलणार नाही. आज तू आल्यावर ढकलावा असं वाटलं होतं. तेच न ढकलण्याचं कारण आहे.

ताई


नेरूळ
शनिवार, २५ एप्रिल

प्रिय अभय,

काल संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांच्या घरी, फक्त त्यांना. काकू आत पोळ्या लाटत होत्या. तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी काय बोलणं झालं ते मीच लिहिते.

तू लाकूड वाईट म्हणून नाही, चांगलं म्हणून निवडलंस, हे मी पहिल्यांदा सांगितलं. मग पट्टी दाखवली.

काका म्हणाले, "पोरी, उद्घाटन सात दिवसांवर आलंय."

"हो."

"मोडेल?"

"माहीत नाही."

"म्हणजे? नाही पण मोडणार?"

"नाही पण मोडणार कदाचित."

"मग?"

"माहीत नाही, म्हणूनच सांगते आहे. मोडणार नक्की असतं, तर अभयनेच उतरवल्या असत्या. मोडणार नाही हे नक्की असतं, तर मी आलेच नसते."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसत बसले. "त्याला खात्री, तुला शंका. मी आता कुणाचं धरू?"

मी म्हणाले, "पोरांना वर बसवायचं असेल तर शंकेचं धरा."

"सितारामच्या नावाला काय पण योग आहे," एवढं म्हणाले आणि कमिटीला आज संध्याकाळी बोलावतो म्हणाले. मी कमिटीत नाही, मला बोलावणं नाही. तिथे तुझ्याबद्दल काय बोललं जाईल ते मला ऐकू येणार नाही आणि थांबवताही येणार नाही. घरी आल्यावर हलकं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. मी बरोबर केलं असं अजूनही वाटतं. पण तू परत कधी माझ्या दारात येशील, असं वाटत नाही.

ताई


नेरूळ
सोमवार, २७ एप्रिल

प्रिय अभय,

शनिवारच्या मीटिंगचं मैत्रीकडून कळलं. ती बाहेर पायऱ्यांवर बसून सगळं ऐकत होती. काकांनी विषय काढल्यावर कुणीतरी म्हणालं म्हणे, "लॅबवाल्यांना काय, त्यांना भाजीतपण दोष दिसतो," आणि लोक हसले. तेव्हा तू उठलास. मैत्रीने तुझा आवाज काढून दाखवला, पण यावेळी तो तिला नीट जमला नाही, कारण म्हणे तू फारच हळू बोललास. "मला तिनं आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. लाकूड मी निवडलं, मी उतरवतो." पौर्णिमेला काय करायचं असं कुणी विचारलं, तर म्हणालास, वंदना करू, खिरदान करू, खालच्या हॉलमध्ये मुलांना पुस्तकं देऊ. माळा झाल्यावर पाटी लावू. कुणी विचारलं तर खरं कारण सांगू.

ती म्हणाली, "आत्या, मग काय, सगळे चहा प्यायले."

काल कपाटं वर चढली नाहीत. तू आणि भैरू मिस्त्रींनी दिवसभर घाम गाळून दोन्ही तुळया खाली घेतल्यात. आई तिथे येऊन बसली होती आणि मिस्त्रींना डोक्याला लागेल, डोक्याला लागेल म्हणून ओरडत होती, असं कळलं.

आणि आज दुपारी मैत्रीच्या फोनवरून बारा फोटो आले. गाळ्यातल्या ढिगातल्या वाशांची टोकं, प्रत्येकावर खडूने नंबर घातलेला. खाली तुझा मजकूर. तो तिचा नाही, तुझाच, कारण ती मला असं लिहिणार नाही. 'यातल्या कुठल्या घेऊ? घरचं काय नाय, कामाचं विचारतोय. चहा मिळणार नाय.'

मी सगळे फोटो मोठे करून बघितले. चार, सात आणि अकरा बरे दिसतात. भेंड कुठेच नाही, कडी जवळजवळ आहेत, वळण सपाट आहे, म्हणजे झाडाच्या बाहेरच्या अंगाचे असावेत. नवाच्या कोपऱ्यात मात्र कड्यांचं वळण आवळलेलं दिसतं, त्याचं मन मला कळत नाही. करवतीच्या दात्यांनी सगळ्याच टोकांवर ओरखडे काढले आहेत, त्यात गडद पट्टा किती जाड ते फोटोत लपतं. दोन वेळा मी 'चार, सात, अकरा' असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. तुला लगेच उत्तर द्यावं असं फार वाटत होतं, आणि तेवढ्यासाठी अंदाजाला खात्री म्हणायला मी तयार झाले होते. शेवटी एवढंच पाठवलं: 'फोटोवरून सांगणार नाही. येते.'

तुझं उत्तर आलेलं नाही. नको येऊ असंही आलेलं नाही.

हे पत्र मैत्रीकडे देत नाही, बरोबरच आणते.

ताई

उद्या: सकाळी पावण्याला गाळ्यावर जाणे आणि बाराही वाशांची टोकं पटाशीने साफ करून भिंगाखाली बघणे.